चाळीस हजार मण्यांची राखण

आमच्या दिवाणखान्यात छत्तीस दिवस एक नळी उभी होती, आणि त्या छत्तीस दिवसांत ज्यांनी ज्यांनी पाय न आपटता चालण्याचे कष्ट घेतले त्या सर्वांचा मी ऋणी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी काही जणांबद्दल जरा तिरकस बोलणार आहे, आणि तिरकस बोलण्याच्या भरात आभार मानायचे राहून जातात.

नळी बायकोची. म्हणजे तिच्या पीएच.डी.ची. ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते आणि सात वर्षं या प्रबंधाच्या मागे आहे. दोनदा मुदतवाढ मिळाली होती. तिसरी मिळाली तेव्हा पत्रात 'अंतिम' हा शब्द जाड ठशात होता. आता शेवटचा एक प्रयोग उरला होता आणि नेमकं त्याच महिन्यात कॉलेजने प्रयोगशाळेचं छत दुरुस्तीला काढलं. चार माणसं दिवसभर ड्रिल मशीन घेऊन छताशी झुंजत होती. तिचा प्रयोग असा की त्याला साधी शिंकसुद्धा चालत नाही.

"घरी आणते," ती म्हणाली.

"आण की," मी म्हणालो. मला वाटलं, वही आणेल.

आली ती माझ्या छातीइतकी उंच, दोन बोटं रुंद अशी काचेची नळी. तिच्यात ज्वारीच्या दाण्यापेक्षाही बारीक काचेचे मणी, आणि बुडाशी एक मोटर. ती मोटर दर मिनिटाला नळीला खालून एक ठोसा देते. टक्. एवढंच. मग मिनिटभर शांतता. मग पुन्हा टक्. नळीवर पट्टी चिकटवलेली. मण्यांची पातळी किती उतरली ते भिंगातून बघून वहीत लिहायचं. कॅमेऱ्याने आपोआप लिहिता आलं असतं, पण कॅमेऱ्याची मागणी चौथ्या वर्षी मंजुरीला गेली होती आणि तीही बहुधा मण्यांच्याच गतीने खाली सरकत होती.

या प्रयोगात नक्की काय आहे ते बायकोने मला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगितलं. "हे बघा, ठोसा नाही मारला तर मणी हजार वर्षं आहेत तसेच राहतील. ठोसा मारला की थोडे थोडे नीट बसतात. सुरुवातीला भराभर. मग जागा कमी होत जाते. एकाला हलायचं तर शेजारच्या पाचांनी हलायला हवं, त्या पाचांसाठी आणखी पंधरांनी. आपल्या पार्किंगमध्ये आतली गाडी काढायची असली की होतं ना, तसं. म्हणून नळी जितकी जुनी होते तितकी मंद होते. पहिल्या तासात जेवढी उतरली तेवढी उतरायला नंतर महिनाही पुरत नाही."

"म्हणजे म्हातारी होते," मी म्हणालो.

"हो. आम्हीही तेच म्हणतो." ती माझ्याकडे बघून हसली. मी नुकताच निवृत्त झालो आहे, त्यामुळे हे हसणं मला फारसं आवडलं नाही.

पण नळी घरी आणणं म्हणजे नुसतं उचलून आणणं नव्हे. विद्यापीठाच्या कचेरीत एक हेडक्लार्क आहेत. चष्मा कपाळावर आणि नियम जिभेवर. त्यांनी सांगितलं, प्रयोग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच व्हायला हवा; घरी करायचा तर घराला 'उपप्रयोगशाळा' म्हणून मान्यता घ्या. त्यासाठी आग विझवायचं नळकांडं, बाहेर पाटी, आणि कॉलेजच्या दारातून जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची नगवार यादी.

"मणी, काचेचे. नग किती?" त्यांनी विचारलं.

"वजनावर लिहा ना," बायको म्हणाली.

"रकाना नगाचा आहे, बाई."

इथे मी छाती पुढे काढली. एकतीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानदार माझी सावली पाहून तराजू पुसायचे. मी हजार मणी मोजले, वजन केले, सगळ्या मण्यांचं वजन केलं आणि भागाकार करून लिहून दिलं: चाळीस हजार सहाशे वीस.

हेडक्लार्कनी कागद उजेडात धरला. "वरचे वीस नक्की?"

माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या आकड्यावर कोणी असा संशय घेतला नव्हता. पण मान्यता मिळाली, आणि त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

पाटीचा मात्र वेगळाच घोळ झाला. दारावर 'उपप्रयोगशाळा क्र. १' असं लागल्यावर दुसऱ्याच सकाळी मागच्या इमारतीतले एक आजोबा हातात झाकलेली बाटली घेऊन उभे. "लघवी इथेच द्यायची ना? रिपोर्ट कधी मिळेल?" त्यांना समजावून पाठवलं तर मागून एक बाई, उपाशी पोटी, बाही वर करून. आठवडाभरात सात जण आले. एकांनी तर आत डोकावून नळी पाहिली आणि विचारलं, "एवढं रक्त काढता?" शेवटी बायकोने पाटीखाली लिहिलं: 'येथे फक्त मण्यांची तपासणी होते.' त्यावर एक बाई गळ्यातली माळ खरी आहे का ते बघायला घेऊन आल्या.

वरच्या मजल्यावर एक बाई राहतात. रोज सकाळी साडेसहाला पाचशे दोरीउड्या मारतात. आमचं झुंबर त्यामुळे गेली सहा वर्षं नाचतंय. मी वर गेलो आणि अत्यंत गंभीरपणे सांगितलं, "ताई, तुमच्या उड्यांमुळे माझ्या बायकोचं डॉक्टर होणं राहील." मला वाटलं भांडतील. पण त्यांनी हातातली दोरी गुंडाळली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या खाली पार्किंगमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत उड्या मारू लागल्या. इतकंच नाही, आमच्या दाराखालून चिठ्ठ्या यायला लागल्या: 'आज ९.१० ला माझ्या हातून पातेलं पडलं. क्षमस्व.' 'दुपारी ३.२५, पाहुण्यांचा मुलगा सोफ्यावरून, एकदा.' बायको या चिठ्ठ्या वहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात उतरवून घ्यायची. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी एकदा पाहिलं. "कॉलेजात सात वर्षांत कोणी एवढं केलं नाही हो," ती म्हणाली.

सोळाव्या दिवशी बायकोला परीक्षेच्या कामावर परगावी जायचा हुकूम आला. तेरा दिवस. तिने नकार देऊन पाहिला. नकाराचा अर्ज परीक्षा संपल्यावर विचारात घेण्यात येईल असं उत्तर आलं. जाताना तिने माझ्या हातात भिंग ठेवलं.

"सकाळी नऊला, संध्याकाळी सहाला. दिसेल तोच आकडा. हात लावायचा नाही, पुसायचं नाही, जवळ उभं राहून खोकायचंही नाही. आणखी वेळ नाही आपल्याकडे. हे बिघडलं तर प्रबंध नाही."

"अगं, मी निरीक्षक होतो," मी म्हणालो.

"म्हणूनच सांगतेय. निरीक्षण करा. तपासणी नको."

सहा दिवस मी ते अक्षरशः पाळलं. पातळी ८४.४ सेंटीमीटरवरून ८४.३ वर आली. सहा दिवसांत एक मिलिमीटर! एका मण्याएवढंही नाही. मी बैठकीत बसून पेपर वाचायचो, नळी टक् म्हणायची, मी पान उलटायचो. खरं सांगतो, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मला कोणीतरी सोबतीला आहे असं वाटत होतं.

तेविसाव्या दिवशी डावीकडचे शेजारी आले. हे रेल्वेत गार्ड होते. सगळे त्यांना गार्डसाहेबच म्हणतात. त्यांच्यापाशी प्रत्येक विषयावर सल्ला असतो आणि तो ते उभ्यानेच देतात, गाडी सुटणार असल्यासारखा.

"अडकलंय हे," नळीकडे बघून ते म्हणाले. "परवा पाहिलं तेव्हाही इथेच होतं. तुमच्या मोटरीत दम नाही."

"अडकलेलं नाही. म्हातारं झालंय. हळू उतरतं."

"छे हो! जरा चांगला धक्का द्या, बोटभर खाली जाईल. आमच्याकडे मालगाडीच्या वाघिणीत धान्य भरताना..."

"धान्याचं मला सांगू नका," मी म्हणालो. हा माझा विषय होता. "माप कसं भरायचं याची रीत असते. एकतीस वर्षं दुकानादुकानांत हेच केलंय मी. नुसतं ओतलं की दुकानदार पोकळी ठेवतो. निरीक्षकाने काय करायचं? तळव्याने तीन चापट्या, अशा..."

आणि मी दाखवलं.

माझा हात कुठे गेला ते मला हात परत आल्यावर कळलं. एकतीस वर्षांची सवय. भरलेलं माप समोर दिसलं की तळवा आपोआप जातो. धप, धप, धप. नळीने एक शहारा घेतला.

गार्डसाहेब गप्प झाले. त्यांना गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी भिंग उचललं. माझ्या चापटीने माल खाली बसतो यावर माझी अख्खी नोकरी उभी होती, आणि मी काय पाहतो, तर मणी वर आले होते. ८४.६! तीन मिलिमीटर वर!

"अहो, हे तर उलटंच झालं," गार्डसाहेब कुजबुजले.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताने माप फुगलं होतं. पण अपमान वाटून घ्यायला वेळ नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर जाड ठशातला 'अंतिम' नाचायला लागला. सात वर्षं आणि तीन चापट्या.

"उतरेल हो," गार्डसाहेब मला धीर देत म्हणाले. "मोटर ठोकतेच आहे. चार दिवसांत होतं तिथे येईल. वहिनींना यायला पाच दिवस आहेत. तोवर तुम्ही आपला जुनाच आकडा लिहीत राहा. कोणाला कळणार आहे?"

संध्याकाळी सहाला मी वही उघडली आणि पेन्सिलीने लिहिलं: ८४.३.

वही मिटली. जेवायला बसलो, घास उतरेना. सकाळी नऊला भिंग लावलं, ८४.५ दिसलं, आणि पुन्हा लिहिलं: ८४.३. लिहून झाल्यावर त्या दोन आकड्यांकडे मी बघत राहिलो. फार सुबक दिसत होते. असे सुबक आकडे मी आयुष्यभर दुकानदारांच्या वह्यांत पाहिले होते, आणि त्यांच्याकडे बघून म्हटलं होतं, "शेटजी, खरं काय ते सांगा." त्या वेळी त्यांच्या तोंडावर जे भाव यायचे, ते आत्ता माझ्या तोंडावर असणार. आरशात बघायची हिंमत झाली नाही.

खोडरबर घेतला आणि दोन्ही खोडले. आदल्या दिवशीचा खरा आकडा मी सवयीने पेपरच्या कडेला टिपून ठेवला होता; तो लिहिला, त्याखाली आजचा ८४.५. मग शेरा: 'तेविसावा दिवस, सकाळी ११.४०. नळीला बाहेरून तीन चापट्या. मारणारा: मी. कारण: मूर्खपणा.'

तेवढ्यात बेल वाजली. गार्डसाहेब दारात, दाढीही केलेली नव्हती. "ते लिहू नका जुनं," ते घाईघाईने म्हणाले. "मी आयुष्यभर गाडी किती मिनिटं लेट हे खरं लिहिलं. काल तुम्हाला काय शिकवलं मी? आणि माझंही नाव घाला. एकट्याने का म्हणून बोलणी खायची?"

मी शेऱ्यात भर घातली: 'चिथावणारा: डावीकडचे शेजारी. (स्वखुशीने.)' त्यांनी खाली सही केली. मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली, पण ते सल्ला द्यायच्या आत मी दार लावलं.

बायको आली ती अठ्ठाविसाव्या दिवशी दुपारी. तिने बॅग खाली ठेवायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. दोन दिवस मनात घोकलेलं भाषण होतं. त्यातलं फक्त "मी हात लावला" एवढंच नीट बाहेर आलं.

ती चपला घालूनच आत गेली, नळीपुढे गुडघ्यांवर बसली, भिंग लावलं. मग वही घेतली. मी दाराशी उभा, शाळेत मुख्याध्यापकांपुढे असतो तसा.

"इथे काय खोडलंय?" तिने विचारलं.

"८४.३ लिहिलं होतं. दोनदा. खोटं होतं, म्हणून खोडलं."

तिने पुढचं पान उलटलं. मग एक विचित्र आवाज आला. मला वाटलं रडतेय. मी पुढे झालो तर ती हसत होती, आणि रडतही होती, दोन्ही एकदम.

"अहो, सव्विसाव्या दिवशी ती परत ८४.३ वर आली ना? आणि आज बघा. ८४.१. आधी एक मिलिमीटरला सहा दिवस लागत होते, आता दोन दिवसांत दोन. घट्ट बसलेले मणी जोराच्या धक्क्याने सैल होतात, म्हणून आधी वर आले. आता उंची तीच आली, पण आतून मणी तसेच राहिले नाहीत. तुमच्या चापट्या त्यांच्या लक्षात आहेत. तुम्ही ८४.३, ८४.३ लिहीत बसला असतात, तर ही नळी मध्येच एकदम का धावायला लागली, हे शोधण्यात मी डोकं फोडून घेतलं असतं. किंवा त्यावर काहीतरी मोठा सिद्धांत मांडला असता आणि तोंडावर पडले असते."

"पण छत्तीस दिवसांचे तेवीसच राहिले," मी म्हणालो. "तेरा दिवस मी घालवले."

तिने आलेख काढला. तिचा आलेखाचा कागद साधा नसतो. त्यावर एक ते दहा मिनिटांना जेवढी जागा, तेवढीच दहा ते शंभरांना, तेवढीच शंभर ते हजारांना. म्हातारपणी दिवस कितीही सरकले तरी कागदावर फारशी जागा अडवत नाहीत. तिने तेविसाव्या दिवसावर एक बोट ठेवलं, छत्तिसाव्यावर दुसरं. दोन्ही बोटं एकमेकांना चिकटली.

"एवढंच नुकसान," ती म्हणाली. "आता जेवायला वाढा. प्रवासात काही खाल्लं नाही."

मी इतक्या आनंदाने उभ्या आयुष्यात पानं मांडली नव्हती.

प्रबंध लिहून झाला. चापट्यांना त्यात अडीच पानं मिळाली. शेवटच्या दिवशी चार वाजून वीस मिनिटांनी आम्ही कचेरीच्या खिडकीशी पोचलो. खिडकी पाचला बंद. हेडक्लार्कनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि एक छापील प्रतिज्ञापत्र पुढे सरकवलं: 'प्रबंधातील सर्व नोंदी मी स्वतः घेतल्या आहेत.' फक्त सही करायची.

बायकोने पेन उघडलं आणि 'सर्व नोंदी'च्या पुढे लिहिलं, 'दिवस सोळा ते अठ्ठावीस सोडून. त्या माझ्या पतीने घेतल्या.'

"बाई, असं चालत नाही," हेडक्लार्क म्हणाले. "फॉर्मवर 'सोडून' नसतं. नवा फॉर्म देतो, नुसती सही करा. नाहीतर अर्ज समितीपुढे जाईल. समिती पुढच्या महिन्यात."

पुढचा महिना म्हणजे मुदत संपली. सात वर्षं संपली. मी तिच्या कानाशी लागलो. "अगं, माझं नाव काढ. मला काही नको. कोण विचारतंय? सही कर आणि मोकळी हो."

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तो आकडा खोडलात ना?" ती म्हणाली. "मग मी हे खोटं कसं लिहू?"

खिडकीच्या आतलं घड्याळ मला ऐकू येत होतं. हेडक्लार्क म्हणाले, "कुठला आकडा?" तिने वही पुढे केली. ते शेऱ्याचा रकाना वाचू लागले. पडलेलं पातेलं वाचलं. सोफ्यावरचा मुलगा वाचला. 'कारण: मूर्खपणा' पाशी थांबले. खोडलेल्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला, आणि गार्डसाहेबांच्या सहीवरूनही.

"वीस वर्षं हा फॉर्म घेतोय मी," ते हळूच म्हणाले. "सगळ्यांनी सगळं स्वतःच केलेलं असतं. एकाच दिवशी दोन गावांत हजर राहून केलेलंसुद्धा." मग त्यांनी ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "तुमचं निवेदन लिहा. जोडपत्र म्हणून लावतो. समितीला जे विचारायचं ते मला विचारू दे. हुद्दा काय तुमचा?"

"निरीक्षक, वजनमापे. निवृत्त."

"मग मोजायला अधिकृतच आहात की," ते म्हणाले आणि शिक्का उचलला. चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी पोच मिळाली. मी त्यांचे आभार मानले. त्यांनी पुढचा फॉर्म ओढून घेतला आणि मान वर न करता नुसता हात हलवला.

जिना उतरताना मी म्हटलं, "एवढा धोका कशाला पत्करलास? सात वर्षं पाण्यात गेली असती."

"गेली असती," ती म्हणाली. "वाईट वाटलं असतं. पण पुढची सगळी वर्षं रोज सकाळी तुमच्यासमोर बसून चहा प्यायचाय मला. तो कसा गेला असता घशाखाली?"

मी मधल्या पायरीवर थांबलो. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली. या काळात मी दोरीउड्यावाल्या बाईंचे, गार्डसाहेबांचे, हेडक्लार्कचे, अगदी बाटलीवाल्या आजोबांचेही आभार मानले आहेत. हिचे कधी मानले नव्हते. घरातल्या माणसाचे काय मानायचे, असं वाटायचं.

"मी तुझा आभारी आहे," मी म्हणालो.

ती दोन पायऱ्या खाली गेली होती, वळून बघायला लागली. "कशाबद्दल?"

"सगळ्याबद्दल," मी म्हणालो, आणि नाक शिंकरायला खिशातला रुमाल काढला.